मोरसला गेलेला माणूस: कादंबऱ्या, वहीतली नोंद आणि दोन भेटी

आज आम्ही दोघं भावंडं बोलणार आहोत. व्याख्यान लिहून काढताना कुठलं वाक्य कोणाचं ते वेगळं ठेवलेलं नाही, त्यामुळे खाली सगळीकडे ‘आम्ही’ असंच आहे.

सुरुवात साखरेपासून करू. आपल्यापैकी ज्यांच्या घरात पंचाऐंशी-नव्वदीची माणसं होती, त्यांनी ‘मोरस साखर’ हा शब्द कधीतरी ऐकला असेल. पांढरी, दाणेदार, बाहेरून आलेली साखर ती मोरस. गुजरातीत तर आजही साखरेला मोरस म्हणतात. हे मोरस म्हणजे मॉरिशस. चीनवरून आली ती चिनी, मिसरहून आली ती मिसरी, आणि मॉरिशसहून आली ती मोरस. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द दोन ठिकाणी यायचा. एक साखरेच्या डब्यापाशी, आणि दुसरा वंशावळीच्या कागदापाशी. आमच्या खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ होता. वंशावळीत त्याच्या नावाखाली रेघ नाही, मुलंबाळं नाहीत. फक्त एक शब्द आहे, ‘मोरसला’.

घरातली माहिती तेवढीच. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, भातशेती, खाणारी तोंडं फार. मुंबईला म्हणून गेला तो तिथूनच जहाजावर चढला. बारा वर्षं वाट पाहिली आणि मग जुन्या रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकली. म्हणजे आमच्या लेखी तो मेला. आज आमच्याकडे जे कागद आहेत ते खरे धरले, तर त्या वर्षी त्याला तिकडे पहिलं मूल झालेलं होतं.

आजचा प्रश्न असा आहे की ज्या माणसाने एक ओळही लिहून ठेवली नाही, ज्याला बहुधा लिहिताच येत नव्हतं, त्याचं बेटावरचं आयुष्य आपल्याला कळणार कसं? आम्ही तीन वाटांनी गेलो. कादंबऱ्या वाचल्या, तिकडचे लोक आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याशी बोललो, आणि मग आम्ही तिकडे गेलो. यातली एकही वाट एकटी पुरत नाही, आणि कुठली वाट कुठे फसवते तेही सांगणार आहोत.

आधी थोडा इतिहास, भरभर. मॉरिशस डचांकडून फ्रेंचांकडे आणि १८१० साली इंग्रजांकडे आलं. बेटावर ऊस होता आणि तो गुलामांच्या कष्टावर उभा होता. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथे गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना माणसं हवी होती, ती हिंदुस्थानातून करारावर आणायची ठरलं. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचलं. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर उतरली. एकट्या १८५९ सालात चाळीस हजारांच्या वर. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरं. मुंबईचा वाटा तिघांत सगळ्यात लहान, पण त्यात कोकणातली आणि घाटावरची आपली माणसं होती.

या कराराला ‘ॲग्रीमेंट’ म्हणायचे. त्याचं लोकांच्या तोंडी गिरमिट झालं आणि करारावरचा माणूस गिरमिटिया. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. दोघांचा काही संबंध नाही, पण आमच्या एका मामांना तो संबंध फार आवडतो आणि ते दर वेळी सांगतात.

आता कादंबऱ्या.

मॉरिशसवरचं जगात सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे बर्नार्दिन द सँ-पिएर यांचं ‘पॉल आणि व्हर्जिनी’, १७८८ सालचं. निष्पाप मुलं, नारळीची झाडं, समुद्र. सुंदर आहे, पण आमच्या कामाचं नाही, कारण आमचा माणूस पुढच्या शतकातला आणि त्या झाडांच्या सावलीत बसणारा नव्हताच.

कामाचं पहिलं पुस्तक मिळालं ते हिंदीत. अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’, १९७७ साली आलेली. अनत मॉरिशसच्याच त्रिओले गावचे, १९३७ चा जन्म, २०१८ साली गेले. त्यांचे स्वतःचे पूर्वज याच मार्गाने आलेले. या कादंबरीत किसनसिंग आणि कुंदन यांच्याभोवती एका ‘कोठी’चं आयुष्य आहे. कोठी म्हणजे उसाचा मळा, कारखाना, मालकाचा वाडा आणि मजुरांची वस्ती, सगळं मिळून. पहाटे हजेरी, सरदाराच्या हाकाट्या, उन्हात दगड उचलणं, कोणाच्या पाठीवर वळ, कोणाची बायको मालकाच्या नजरेत भरली म्हणून वस्तीत पसरलेली भीती.

एक गोष्ट या कादंबरीमुळे आम्हाला अंगावर कळली. इतिहासाच्या पुस्तकात ‘डबल कट’ असा शब्द येतो. म्हणजे एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायचा. वाचताना आपण मान हलवतो, वाईट होतं म्हणतो आणि पान उलटतो. आता हिशोब करा. पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल यांचा शिधा. माणूस आठ दिवस तापाने पडला, तर सोळा दिवसांचा पगार गेला. महिन्यात पंधरा दिवस पडला तर उरलेले दिवस राबूनही हातात काहीच येत नाही. मग माणूस ताप अंगावर काढून शेतात जातो. आणि या बेटावर १८६६ ते ६८ मध्ये हिवतापाची अशी साथ आली की पोर्ट लुईसारखं शहर ओस पडलं, हजारो माणसं गेली. शिस्तीचा नियम आणि साथीचा आजार या दोन गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत असतात. कादंबरी वाचल्यावर त्या एकाच खोपटात, एकाच अंथरुणावर दिसायला लागतात. अनतांची भाषा काही ठिकाणी भाषणाकडे झुकते, पात्रं कधीकधी फारच थोर होतात, हे मान्य. पण दिवस कसा उगवायचा आणि कसा मावळायचा ते त्यांना ठाऊक आहे.

दुसरं पुस्तक सगळ्यांना माहीत असलेलं, अमिताव घोष यांचं ‘सी ऑफ पॉपीज’, २००८ चं. ते बेटापर्यंत पोचतच नाही. जहाजावरच संपतं. तरी आम्हाला त्याचा उपयोग झाला, आणि तो एका छोट्या प्रसंगामुळे. कालुआ नावाचा माणूस आपलं नाव नोंदवतो. तो सांगतो एक, ऐकणाऱ्या साहेबाला ऐकू येतं भलतंच, आणि कागदावर उतरतं ‘मॅडो कोल्व्हर’. पुढच्या कादंबरीत, २०११ च्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’मध्ये, मॉरिशसमध्ये याच कोल्व्हर नावाचं मोठं खटलं नांदताना दिसतं. एका कारकुनाच्या कानाचा दोष, आणि त्याचं पुढे घराणं झालं.

हे वाचलं तेव्हा आम्ही हसलो होतो. नंतर तिकडच्या मराठी लोकांची आडनावं पाहिली आणि हसू थांबलं. भिवाजी, बाबाजी, रामजी, सखाराम ही तिथे आडनावं आहेत. असं का झालं? वहीत माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहायचे. कोकणातल्या साध्या कुळवाड्याला तेव्हा आपण वापरतो तसं आडनाव लावायची सवय नव्हतीच. पुढच्या पिढीत आजोबाचं पाळण्यातलं नाव घराण्याला चिकटलं, तेही फ्रेंच-इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगमध्ये. म्हणजे आपल्याकडे कोणी ‘अमुक आडनावाचे मॉरिशसमध्ये कोणी आहेत का’ असं शोधत असेल तर त्याने ते लगेच थांबवावं. आडनाव इथे राहिलं, तिकडे गेलं ते नाव.

तिसरं पुस्तक आम्ही स्वतः वाचलेलं नाही, वाचून घेतलेलं आहे. नताशा अप्पाना या मॉरिशसमध्ये जन्मलेल्या फ्रेंच लेखिका. त्यांची २००३ ची कादंबरी १८९२ सालच्या मजुरांवर आहे. तिच्या नावातच पूद्र दोर येतं. हे मॉरिशसमधल्या एका गावाचं खरं नाव, अर्थ सोन्याची पूड. माणसं जमवणारे दलाल सांगायचे, तिकडे दगड उचलला की खाली सोनं मिळतं. याच लेखिकेने २०२३ साली आपल्या आजी-आजोबांवर आणि त्यांच्या आधी करारावर आलेल्या पूर्वजांवर वेगळं पुस्तक लिहिलं, आणि त्यात त्यांनी कल्पनेपेक्षा घरातल्या आठवणी आणि नोंदवहीतले आकडे यांचा आधार घेतला. वीस वर्षांनी एका कादंबरीकाराला कादंबरी पुरेशी वाटली नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

कादंबऱ्या कुठे फसवतात, तेही सांगायला हवं. ‘लाल पसीना’ आणि घोष यांचं पुस्तक ही दोन्ही कलकत्ता बंदराची आहेत. माणसं बिहारकडची, बोली भोजपुरी, आणि काळं पाणी ओलांडण्याचा धसका मोठा. आम्ही बरेच दिवस आमच्या माणसाला तोच धसका चिकटवून बसलो होतो. मग लक्षात आलं की अरे, हा कोकणातला. याने समुद्र पाहिलेला होता. गावातून मुंबईला जायची वाटच मुळी समुद्रावरून, पडावात बसून. त्याच्यासाठी पाणी हा धर्म बुडवणारा राक्षस असेल असं नाही. तो कदाचित मुंबईच्या गोदीत काम शोधत होता आणि मोरस हे त्याला मुंबईच्या थोडं पलीकडचं गाव वाटलं असेल. अर्थात हीसुद्धा आमची कल्पनाच. पण भोजपुरी कादंबरीतली भीती उचलून कोकणी माणसाच्या मनात ठेवण्यापेक्षा बरी.

आता पहिली भेट.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मॉरिशसहून एक कुटुंब गावी आलं. साठीचे गृहस्थ, त्यांची बायको आणि विशीतली मुलगी. मुंबईतल्या एका ओळखीच्यांमार्फत निरोप आला होता की यांचा पूर्वज तुमच्या गावचा असावा. गृहस्थांची मराठी शाळेत शिकलेली, पुस्तकी आणि स्वच्छ. तिकडे प्राथमिक शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकता येते. घरात आपसात ते क्रिओल बोलत होते. मुलीला मराठी कळत होतं, बोलायला लाजत होती. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हा तिघांनी आरती म्हटली ती थेट, न अडखळता, आमच्या मुलांना लाजवील अशी.

इकडे आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण ते लपवून उपयोग नाही. आमच्या थोरल्या काकूने पाहुण्यांना पाणी दिलं, गूळ दिला, आणि आत येऊन पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘वाटणी मागूक इले काय हे?’ एका चुलत भावाने त्याच रात्री सातबाऱ्याची फाइल काढून पाहिली. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर राहिलंय का, हे तपासायला. आम्हाला त्या वेळी लाज वाटली. आता वाटतं, त्या माणसाच्या जाण्याचं मूळच त्या फाइलीत आहे. जमीन एवढीशी आणि हिस्सेदार फार, म्हणून तर तो गेला. त्याच्या वारसांकडे पाहताना घराला तीच भीती परत आठवली.

पाहुण्यांना जमिनीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विहीर पाहिली, देवळात गेले, वाडीतल्या लोकांशी बोलले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एक प्रश्न विचारला. ‘तुम्ही त्यांना परत का बोलावलं नाही?’

कोणाकडे उत्तर नव्हतं. काकू म्हणाली, आम्हाला वाटलं ते आम्हाला विसरले. ते म्हणाले, आमच्याकडे असं सांगतात की घरच्यांनी त्यांना टाकलं. दोन घरांनी दीडशे वर्षं एकमेकांवर तोच आरोप करत काढली होती.

याचं उत्तर आम्हाला पुढे अभ्यासात मिळालं आणि ते ना कादंबरीत होतं ना घरच्या आठवणीत. सुरुवातीच्या करारात मुदत संपली की फुकट परतीचा प्रवास होता. मळेवाल्यांना तो खर्च जड जायचा आणि अनुभवी मजूर हातचा जायचा. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिशसपुरता तो हक्क काढून टाकला. आमचा माणूस गेला तो त्यानंतर. म्हणजे परत यायचं तर तिकीट स्वतःच्या खिशातून, महिना पाच रुपयांतून, डबल कट सोसून. त्यात १८६७ चा कायदा आला. करार पूर्ण झालेल्या ‘जुन्या’ मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. पास नाही, किंवा आपल्या जिल्ह्याबाहेर सापडला, की भटक्या म्हणून पकडायचा. याविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाच्या पुढाकाराने नऊ हजारांवर मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज झाला, आणि पुढच्या वर्षी चौकशीला रॉयल कमिशन आलं. विसरला की टाकला, हा आपल्या घरगुती भाषेतला प्रश्न. प्रत्यक्षात मधे एक तिकीट होतं जे रद्द झालं होतं.

पाहुणे जाताना पासवरच्या फोटोची एक प्रत दाखवून गेले. उभा, हाडकुळा माणूस, नजर सरळ. घरातल्या प्रत्येकाला त्यात आपला कोणीतरी दिसला. कोणाला काकांचं नाक, कोणाला आजोबांची हनुवटी. अशा वेळी असं दिसतंच, त्याला पुरावा म्हणत नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही तिकडे गेलो.

मॉरिशस किती लहान आहे हे जाईपर्यंत कळत नाही. मुख्य बेट साधारण अठराशे पासष्ट चौरस किलोमीटर. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात तशी चार बेटं मावतील आणि वर जागा उरेल. किनाऱ्यावर सुरूची बनं, दापोली-गुहागरकडे असतात तशीच. केवड्याच्या जातीचं एक झाड जागोजागी दिसतं. त्याच्या पातीची पोती विणून पूर्वी साखर भरायचे. आमच्या बहिणीने पात हातात घेऊन लगेच सांगितलं, ही विणायला आपल्याकडच्या बाईला शिकवायची गरज पडली नसती.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेलो. १८४९ साली बांधायला घेतलेली ही मजुरांची उतरण्याची आणि नोंदणीची जागा, २००६ साली युनेस्कोच्या यादीत आली. दगडी पायऱ्या, काही खोल्या, बाकीचं शहराने आणि रस्त्याने खाल्लेलं. खरं सांगायचं तर तिथे आम्हाला अपेक्षेएवढं काही वाटलं नाही. सगळं फार नीट होतं, फलक वगैरे.

वाटलं ते उसात. गाडीतून जाताना शेतांच्या मधोमध काळ्या दगडांच्या उंच राशी दिसतात, काही पायऱ्यापायऱ्यांच्या, मनोऱ्यासारख्या रचलेल्या. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत जिथे कुदळ मारावी तिथे काळा पाषाण. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. गुलामांनी वेचले, मग करारावरच्या माणसांनी वेचले. मुलगी गाडी चालवत होती. ती म्हणाली, ‘हेच ते सोनं. उचललं त्यांनी, पण खाली काही नव्हतं.’ अप्पानांची कादंबरी आम्हाला फ्रेंचमधून वाचून दाखवणारी हीच मुलगी.

मोका गावात महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येक माणसाला क्रमांक. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जिल्हा, जहाज, आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं ते. कादंबरीकार ज्या चेहऱ्यासाठी शंभर पानं खर्च करतो तो इथे एका ओळीत मिळतो, ‘डाव्या भुवईवर व्रण’ अशा स्वरूपात. आमच्या घरात कोणालाच तो व्रण आठवत नव्हता, आठवणार कसा?

नोंद काय सांगते? नाव जुळतं. बापाचं नाव जुळतं. जिल्हा रत्नागिरी. वय आमच्या हिशोबापेक्षा सहा-सात वर्षांनी जास्त, पण तेव्हा वय अंदाजानेच लिहायचे. अडचण गावाची. कारकुनाने लिहिलेलं स्पेलिंग आमच्या गावाचंही होतं आणि त्याच नावाच्या आणखी एका गावाचंही. आमच्या जिल्ह्यात या नावाची तीन गावं आहेत, एक खाडीजवळ आणि दोन आतल्या अंगाला. तालुक्याची नोंद त्या ओळीत नव्हती. म्हणजे आमचाच माणूस असण्याची शक्यता बरीच, खात्री नाही. आम्ही हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘चालेल. तुम्ही आलात ना.’

जातीच्या रकान्याबद्दल मुलीने विचारलं. त्या रकान्यात इंग्रजी वळणाने ‘मराठा’ लिहिलं होतं. तिला वाटलं, झालं, मिळालं. आम्ही तिला सांगितलं की मुंबई बंदरातल्या कारकुनाच्या हातून हा शब्द जात, भाषा, मुलूख असा कुठल्याही अर्थाने पडू शकतो. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत जहाजांवर बायका फारच थोड्या असायच्या, आणि मुंबईहून जाणारी माणसंच मुळात कमी. तेव्हा पहिल्या पिढीतल्या पुरुषाने लग्न कोणाशी केलं, ती भोजपुरी बोलणारी होती की तमिळ, हे त्या वहीत नसेल. तिची खापरपणजी कदाचित मराठी नव्हतीच. ती हसून म्हणाली, म्हणजे तुमच्याकडची आत्या काळजी करते ती उगाच नाही.

शेवटच्या आठवड्यात पश्चिमेकडच्या एका गावात मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो असं सांगतात. आम्ही गेलो तो गणपतीचा काळ नव्हता, पण तरुण मुलांनी ‘झाकरी’ करून दाखवली. गोलात नाच, पायात चाळ, मधे ढोलकी आणि गाणारे. आम्ही दोघं उठून उभे राहिलो. ही आमची जाखडी. रत्नागिरीकडे गणपतीत वाडीवाडीत होते ती. पुणे, नाशिक, सोलापूरवाल्यांची ती नव्हेच. कारकुनाने गावाचं नाव धड लिहिलं नाही, पण कुठल्या पट्ट्यातली माणसं तिथे गेली ते त्या मुलांच्या पायांना अजून माहीत होतं. गाण्याचे शब्द निम्मे झिजलेले होते. काही आम्हाला कळले आणि त्यांना नाही, काही उलट.

त्या रात्री त्यांच्या घरी आम्ही ‘लाल पसीना’बद्दल बोललो. गृहस्थांनी ती तरुणपणी वाचलेली. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. त्यांच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका समुद्राकडे पाठ करून बसायच्या. अंगण समुद्राच्या बाजूला असलं तरी. कारण विचारलं तर म्हणायच्या, सवय. एवढ्याशा बेटावर, जिथे कुठूनही तासाभरात पाणी दिसतं, तिथे राहणारी माणसं समुद्रावर जायचीच नाहीत. आम्हाला पासाचा कायदा आठवला. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, तिकडे बघून करायचं काय होतं?

१८८० नंतर मळेवाल्यांनी कमी किफायतशीर जमिनी तुकडे करून विकायला काढल्या आणि जुन्या मजुरांनी पै-पै जमवून त्या घेतल्या. या कुटुंबाचा पहिला तुकडा तसाच आलेला, अर्धा दगडांनी भरलेला. त्याचं खरेदीखत त्यांनी जपून ठेवलंय आणि आम्हाला दाखवलं. कोकणात हिस्सा पुरेना म्हणून निघालेल्या माणसाच्या घरात शेवटी जमिनीचा कागद आला. खाली सही नाही, खूण आहे.

हे आम्ही काकूला येऊन सांगितलं. तिने दोनदा विचारलं, किती गुंठे?

तुमच्यापैकी कोणाच्या घरात असा ‘मोरसला’ किंवा नुसताच ‘जहाजावर गेला’ असा माणूस असेल, तर एक व्यवहारातली गोष्ट. आडनाव सोडून द्या. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, जुना तालुका आणि अंदाजे साल एवढं कागदावर लिहा. गावाच्या नावाची दुसरी गावं आहेत का ते आधी पाहा, आमच्यासारखं तिकडे जाऊन कळायला नको. घरातल्या म्हाताऱ्यांना ‘काय घडलं’ असं विचारू नका, ते सांगायला त्यांच्याकडे काही नसतं. त्याच्या नावाने पितृपक्षात काय करायचे, त्याच्या वाट्याचं शेत कोणी कसलं, असं विचारा. मग बोलतात.

आमच्या वंशावळीत त्याच्या नावाखाली आता रेघ आली आहे आणि त्या रेघेला सहा पिढ्या आहेत. काकूच्या आग्रहावरून ती पेन्सिलीने काढली आहे. तिकडच्यांना त्याचा फोटो पाठवला. त्यांनी कळवलं की त्यांच्याकडच्या कागदावर त्यांनी आमची रेघ शाईने ओढली आहे.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.